सूक्ष्मजंतूंची मजुरी

वाण्याच्या दुकानातून लिंबूसत्त्वाची पुडी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी आली असेल. ढोकळ्याच्या पिठात, सरबतात चिमूटभर टाकावयाचे ते पांढरे खडे. नाव लिंबाचे, चव लिंबाची. परंतु त्या पुडीत लिंबाचा थेंबही नसतो. ती वस्तू एका काळ्या बुरशीने साखर खाऊन तयार केलेली असते. शास्त्रात तिला सायट्रिक अॅसिड म्हणतात. जगात दरसाल वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक अॅसिड तयार होते, आणि ते जवळजवळ सर्व या बुरशीच्या कष्टाचे असते.

‘कष्ट’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकणे झाले, ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयांत. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ज्या अधिकाराने या व्यासपीठावरून बोलावे, तो अधिकार आमच्याकडे नाही. पण कोणत्याही कारखान्याच्या दारात उभे राहिल्यावर तीन प्रश्न विचारावयाचे, एवढी सवय आम्हांला लागलेली आहे. काम कोण करतो? त्याला खायला काय मिळते? आणि कामाचे फळ कोणाच्या पदरात पडते? हेच तीन प्रश्न घेऊन आज आपण सूक्ष्मजंतूंच्या कारखान्यात शिरू.

विरजणापासून आरंभ

या कारखान्याची तोंडओळख आपल्याला घरातच झालेली असते. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडे झाकून ठेवणारी प्रत्येक गृहिणी सूक्ष्मजंतूंकडून काम करून घेत असते. विरजणातील जंतू दुधातील साखर खातात. त्या साखरेतून त्यांना जगण्यापुरती शक्ती मिळते, आणि उरलेला भाग ते लॅक्टिक अॅसिडच्या रूपाने बाहेर टाकतात. या आम्लाने दूध आंबते आणि विरजते. अशा आंबट जागी इतर पुष्कळ जंतूंचा टिकाव लागत नाही. तेव्हा तेथे विरजणाच्या जंतूंचेच राज्य चालते. ताडीच्या मडक्यात यीस्ट असाच उद्योग करते. तिचा टाकाऊ माल म्हणजे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. आंबणे ही सजीवांची क्रिया आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी दाखवून दिले.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी. जंतू आपल्यासाठी काम करीत नाही. तो स्वतःचे पोट भरतो व आपली वीण वाढवितो. त्याचा टाकाऊ माल हा आपला पक्का माल ठरतो, एवढाच योग. म्हणून जंतूंना राबविण्याची विद्या म्हणजे त्यांच्या पोटाची सोय अशा रीतीने लावणे, की पोट भरता भरता त्यांच्या हातून आपल्याला हवा तो पदार्थ निपजावा.

लिंबूसत्त्वाचेच पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वी सायट्रिक अॅसिड खरोखरच लिंबापासून निघत असे, आणि त्या व्यापारात इटलीची, विशेषतः सिसिली बेटाची, मक्तेदारी होती. १९१७ मध्ये अमेरिकेतील जेम्स करी या रसायनशास्त्रज्ञाने असे दाखविले, की अॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीला भरपूर साखर दिली आणि भोवतालचे पाणी चांगले आम्लयुक्त ठेवले, तर ती सायट्रिक अॅसिडचा ढीग लावते. १९१९ मध्ये फायझर कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यावर कारखाना काढला. पुढच्या दशकभरात इटलीची मक्तेदारी मोडली. अमेरिकेतल्या एका टाकीतील बुरशीने सिसिलीच्या बागायतदाराचा भाव पाडला. हे उदाहरण लक्षात असू द्यावे. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

कामावर घेतलेला जंतू कामावरून निघतोही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला तोफांच्या दारूसाठी अॅसिटोन हवे होते. मँचेस्टर येथे काम करणाऱ्या हाइम वाइझमन यांनी धान्यातील पिठावर वाढून अॅसिटोन व ब्यूटेनॉल देणारा एक जंतू शोधला होता. सरकारने त्यावर कारखाने उभारले. १९१७ मध्ये धान्याची चणचण पडली, तेव्हा शाळेतल्या पोरांना रानातील हॉर्स चेस्टनटच्या बिया वेचून आणावयास लावले. जंतूंना खायला घालण्यासाठी. हेच वाइझमन पुढे १९४९ मध्ये इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा जंतू मात्र फार काळ नोकरीत राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून अॅसिटोन स्वस्तात निघू लागले आणि आंबवणीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. जंतूची कसब कमी झाली नव्हती. तेल स्वस्त झाले आणि धान्य व मळी त्यापुढे महाग ठरली. जंतूची नोकरी बाजारभावावर अवलंबून असते, हे त्या वेळी प्रथम स्पष्ट झाले.

जंतूला नवे काम शिकविणे

येथवरचे जंतू जे काम मुळात जाणत होते, तेच करीत होते. माणसाने चांगला जंतू निवडला, त्याला चांगले खाणे दिले, क्ष-किरणांनी त्याच्यात फेरफार घडवून त्यातले अधिक उत्पन्न देणारे वेचून काढले. जे काम त्याच्या कुळात कोणी कधी केले नाही, ते शिकविण्याची युक्ती मात्र हाती आली नव्हती. ती १९७३ मध्ये आली.

गिरणीत काम केलेल्या मंडळींना ही युक्ती लवकर कळेल. कापसाची गासडी ब्लो रूममध्ये फुटते, कार्डिंगला विंचरली जाते, रिंगवर तिचे सूत होते आणि साच्यावर सुताचे कापड होते. एका खात्याचा पक्का माल हा पुढच्या खात्याचा कच्चा माल. सूक्ष्मजंतूच्या इवल्याशा देहात नेमकी अशीच व्यवस्था असते. साखरेचा रेणू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्यात एकेक फरक होतो. या प्रत्येक खात्यात एक कारागीर असतो. त्याला एन्झाइम म्हणतात. हा कारागीर कसा घडवावयाचा याची सूचना पेशीतील डीएनए नावाच्या लांब धाग्यावर लिहिलेली असते. अशा एका सूचनेला जनुक हे नाव आहे.

स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बोयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एका जीवाच्या धाग्यातील तुकडा कापून दुसऱ्याच्या धाग्यात जोडण्याची रीत दाखविली. सर्व सजीवांची ही लिपी मुळात एकच असल्यामुळे जंतू परक्याची सूचनाही वाचतो आणि तिच्याप्रमाणे कारागीर घडवितो. १९७८ मध्ये माणसाच्या इन्शुलिनची सूचना ई. कोलाय या आतड्यातील जंतूला देण्यात आली. १९८२ मध्ये ते इन्शुलिन औषध म्हणून बाजारात आले. त्यापूर्वी अर्ध्या पौंडाच्या आसपास इन्शुलिन काढावयाचे तर डुकरांच्या दोन टनांवर ग्रंथी गोळा कराव्या लागत. मधुमेहाच्या रोग्याला ही विद्या किती मोलाची आहे, ते वेगळे सांगावयास नको.

साखरेपासून धागा

इन्शुलिन झाले औषध. ते थोडे लागते आणि महाग विकते. खरी परीक्षा होती ती टनांनी खपणाऱ्या, किलोमागे थोडक्या नफ्यावर विकल्या जाणाऱ्या रसायनांची. त्यातले एक उदाहरण आपण नीट उलगडून पाहू.

१,३-प्रोपेनडायॉल हा पाण्यासारखा दिसणारा, किंचित दाट द्रव आहे. आपल्या ओळखीचे ग्लिसरीन घ्या. त्याच्या रेणूत तीन कार्बन ओळीने असतात आणि प्रत्येकाला एकेक हात असतो. मधला हात काढून टाकला, की प्रोपेनडायॉल झाले. राहिलेल्या दोन टोकांच्या हातांनी हा रेणू टेरेफ्थॅलिक अॅसिडच्या रेणूंचे हात धरतो, आणि अशी लांबच लांब साखळी तयार होते. तिचा धागा मऊ असतो. ताणला तर पुन्हा पूर्ववत होतो. गालिच्यांना व कपड्यांना तो फार चांगला. परंतु खनिज तेलापासून प्रोपेनडायॉल करणे महाग पडे, म्हणून धाग्याचे गुण माहीत असूनही त्याचा प्रसार होत नव्हता.

निसर्गात ग्लिसरीनपासून प्रोपेनडायॉल करणारे जंतू आहेत. साखरेपासून ग्लिसरीन करणारे यीस्ट आहे. पण थेट साखरेपासून प्रोपेनडायॉलपर्यंत सर्व खाती एकाच छपराखाली असणारा जीव कोणाला सापडला नव्हता. ड्यू पाँट आणि जेनेन्कोर या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी तो बनवावयाचे ठरविले. छप्पर म्हणून ई. कोलाय निवडला. साखरेपासून ग्लिसरीनपर्यंतची दोन खाती यीस्टकडून आणली. ग्लिसरीनचा मधला हात काढणारे खाते क्लेब्सिएला नावाच्या जंतूकडून आणले. शेवटच्या खात्याचा कारागीर शोधता शोधता असे आढळले, की तो ई. कोलायच्या स्वतःच्याच घरात आहे. आजवर त्याला हे काम कोणी सांगितले नव्हते इतकेच.

खाती जोडली म्हणून गिरणी चालू होत नाही. माल वाटेत गळू लागला. ग्लिसरीन तयार होताच ई. कोलाय ते आपल्या खाण्यात वळवी. तेव्हा त्या दोन वाटा बंद कराव्या लागल्या. साखर पेशीत घेण्याचे जे मूळ दार होते, तेथे प्रत्येक रेणूमागे एक मौल्यवान पदार्थ जकातीसारखा खर्ची पडे. ते दार बंद करून दुसरे उघडले. यापुढे खरा नाजूक प्रश्न आला. साखरेचा किती भाग मालाकडे वळवावयाचा आणि किती जंतूच्या पोटाला ठेवावयाचा? सारी साखर मालाकडे वळविली, तर जंतूला जगावयास शक्ती उरत नाही आणि उत्पादनच थांबते. पोटाला जास्त ठेवली, तर जंतू नुसते वाढतात आणि माल कमी निघतो. शेवटी या शास्त्रज्ञांना जंतूचा जगण्यापुरता वाटा मोजून ठरवावा लागला. एवढ्या सूक्ष्म जीवालाही जीवनवेतन नाकारून चालत नाही, हे वाचताना आम्हांला जुन्या वाटाघाटींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

या खटपटीचे फळ असे, की टाकीतील एका लिटरमध्ये १३५ ग्रॅम प्रोपेनडायॉल जमू लागले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यात लाउडन येथे कारखाना चालू झाला. कच्चा माल मक्याची साखर; आरंभीची क्षमता वर्षाला सुमारे ४५,००० टन. खनिज तेलाच्या रीतीपेक्षा या रीतीत ४० टक्के ऊर्जा कमी लागते, असा कंपनीचा दावा होता. धाग्यात वनस्पतीपासून आलेला भाग वजनाने ३७ टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचे टेरेफ्थॅलिक अॅसिड खनिज तेलाचेच. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत येतो. दुसरा आपण स्वतः विचारून घ्यावा लागतो.

टाकीजवळची माणसे

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. काम कोण करतो? जंतू करतो, हे उत्तर अर्धेच आहे.

ई. कोलायला सर्व काही मनासारखे मिळाले, तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. ही त्याची शक्ती, आणि हीच कारखान्याची डोकेदुखी. कारण एखादा परका जंतू टाकीत शिरला, तर तोही याच वेगाने वाढतो. आणि त्याला माल बनविण्याचे ओझे नसल्यामुळे आपल्या जंतूला मागे टाकतो. एवढेच काय, आपल्याच जंतूंपैकी एखाद्याच्या धाग्यात बिघाड होऊन तो माल बनवावयाचा थांबला, तर त्याची वाचलेली शक्ती वाढीकडे लागते आणि काही पिढ्यांत अशांचीच बहुसंख्या होते. व्यवस्थापकांच्या भाषेत हे कामचुकार. आमच्या मते ते ओझ्याखालून सुटलेले. ते काही असो. उपाय म्हणून मूळ बियाणे उणे ऐंशी अंशांवर गोठवून जपतात आणि प्रत्येक खेपेला त्यातूनच नवी सुरुवात करतात. लहान चंबूतून मोठ्या चंबूत, तेथून लहान टाकीत, तेथून मोठ्या टाकीत, असे ते वाढवीत नेतात.

मोठी टाकी लाख-दोन लाख लिटरची असू शकते. ती भरण्यापूर्वी वाफेने १२१ अंशांपर्यंत तापवून निर्जंतुक करावी लागते. आत जाणारी हवा गाळून घ्यावी लागते. जंतू वाढू लागले की ते स्वतःच उष्णता सोडतात. ती थंड पाण्याने काढून न्यावी लागते. फेस वर येतो, आम्लता बदलते, हवा कमी पडते. हे सर्व यंत्रांवर दिसते खरे. पण यंत्राकडे रात्री तीन वाजता पाहणारा माणूस पाळीवर असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील अशा कारखान्यात एक आंबवण बिघडली. तीन दिवसांचा माल ओतून द्यावा लागला. दोन कंत्राटी कामगारांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली आणि त्यांचे काम बंद केले. ते कचेरीत आले तेव्हा आम्हांला या धंद्यातले ओ की ठो कळत नव्हते. त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, “भाऊ, वास आला तेव्हाच मी सुपरवायझर साहेबांना सांगितलं होतं, टाकी बिघडलीय. पण लिहिलेलं कोण वाचतो?” आम्ही विचारले, “लिहिले होते?” तो म्हणाला, “लॉगबुकात आहे की.”

ते लॉगबुक समजून घेण्यासाठी आम्ही महिनाभर वाचनालयात बसलो. आज येथे जे सांगतो आहोत, त्याचा पाया तेव्हा घातला गेला. १२१ अंश म्हणजे काय, ते किती मिनिटे टिकले पाहिजेत, वाफेचा दाब पडला तर काय होते, हे कळल्यावर नोंदी बोलू लागल्या. त्या रात्री एकाच बॉयलरवर दोन खाती चालवली होती. निर्जंतुक करण्याच्या वेळी दाब पडला होता. आणि तो आकडा याच दोघांनी आपल्या हाताने लिहून ठेवला होता. चौकशीत ते पान समोर ठेवले. नोटीस मागे घेतली गेली. पहिल्याचे काम पुन्हा सुरू झाले. दुसरा तोवर कर्जापायी गावी निघून गेला होता, तो परत आला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की हे शास्त्र फक्त पदवीधरांचे नव्हे. टाकीजवळच्या माणसाला ते समजलेच पाहिजे. ते त्याच्या कसबाचे अंग आहे आणि प्रसंग आला तर त्याची ढालही आहे.

फळ कोणाच्या पदरात?

तिसऱ्या प्रश्नासाठी एक औषध घेऊ. कारण त्यात हिशेब स्वच्छ दिसतो. चीनमधील थू योयो यांच्या पथकाने १९७२ मध्ये, आपल्याकडील दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील द्रव्य वेगळे काढले. या कामासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वनस्पती चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिकेतील लहान शेतकरी लावतात. लागवडीपासून औषधापर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. त्यामुळे कधी तुटवडा, कधी भरमार. किलोचा भाव एकदा हजार डॉलरांच्या वर गेला आणि मग दोन-तीनशेवर कोसळला.

कॅलिफोर्नियातील जे कीजलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीतील सूचना यीस्टला दिल्या. २००६ मध्ये यीस्ट आर्टेमिसिनिनच्या आधीचे आम्ल लिटरमागे १०० मिलिग्रॅम देऊ लागले. २०१३ मध्ये ते प्रमाण २५ ग्रॅमवर गेले, म्हणजे अडीचशे पट. या कामाला गेट्स प्रतिष्ठानाने पैसा पुरविला होता. सानोफी कंपनीने इटलीत गारेसियो येथे उत्पादन चालू केले. जगाच्या गरजेचा तिसरा हिस्सा तेथून निघेल असा अंदाज होता. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता.

पण बाजारात निराळे घडले. तोवर लागवड वाढून वनस्पतीच्या आर्टेमिसिनिनचा भाव किलोला अडीचशे डॉलरांच्या खाली आला होता. यीस्टचा माल साडेतीनशे ते चारशेच्या खाली परवडत नव्हता. २०१५ मध्ये त्या कारखान्यात उत्पादन शून्य झाले आणि पुढे तो विकला गेला. शेतकऱ्याने यीस्टला हरविले असे म्हणून टाळ्या वाजविण्यात अर्थ नाही. कारण तो जिंकला तो पडेल भावात माल विकून. आणि भाव स्थिर राहून रोग्याला वेळेवर औषध मिळावे, हा जो हेतू होता, तो त्या भावाच्या झुल्यात बाजूलाच राहिला.

उलट घडले असते तर नुकसान कोणी सोसले असते? याचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीचा व्यापार ढासळला. चंपारणचे शेतकरी विघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत सक्तीने नीळ लावीत असत. आता नीळ नको झाली, तर त्यांची सुटका व्हावयास हवी होती. पण निळीच्या मळेवाल्यांनी नीळ न लावण्याची परवानगी विकली. त्याबद्दल खंड वाढविले, एकरकमी पैसे उकळले. म्हणजे जर्मन प्रयोगशाळेने पाडलेल्या भावाची भरपाई बिहारच्या रयतेने केली. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले, शेतकऱ्यांच्या हजारो जबान्या नोंदविल्या गेल्या, आणि १९१८ च्या कायद्याने ती सक्ती संपली. रंग कशापासून करावयाचा हे प्रयोगशाळेने ठरविले. त्याची झळ कोणाला बसावी हे मात्र जमिनीवरच्या करारांनी ठरविले, आणि ते करार लढ्याने बदलले.

आजच्या जंतूंच्या बाबतीत करार पेटंटचा असतो. आनंदमोहन चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने तेल खाणारा एक जंतू तयार केला होता. जिवंत वस्तूवर पेटंट मिळू शकते काय, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी होकार मिळाला. आपल्या पेटंट कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीनंतर निसर्गात जसाच्या तसा सापडणारा जंतू वगळला आहे. माणसाने बदललेल्या जंतूला दार उघडे आहे. जंतूचे बियाणे ज्याच्या फ्रीजमध्ये, त्याच्या हाती किल्ली, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरी व्यवस्थाही आपण पाहिलेली आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती सार्वजनिक क्षेत्रात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. दुसऱ्याच वर्षी तेथे बुरशीपासून पेनिसिलिन निघू लागले. देशाची गरज हा तेथे पहिला हिशेब होता. तो कारखाना पुढे अडचणीत आला, हे खरे. परंतु सूक्ष्मजंतूंचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही आणि तो एकाच प्रकारच्या मालकीने चालतो असेही नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

साखर कोठून येते?

मधला प्रश्न आम्ही शेवटी ठेवला: त्याला खायला काय मिळते? टेनेसीत मक्याची साखर. आपल्याकडे उसाची साखर आणि मळी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनासाठी ‘बायोई-३’ हे धोरण मंजूर केले आहे. अशा टाक्या आपल्याकडे उभ्या राहू लागतील तेव्हा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे नजर जाणार हे उघड आहे. यीस्टकडून मळीचा मद्यार्क करण्याचा अनुभव येथे अनेक दशकांचा आहे.

त्या साखरेच्या मागे कोण आहे, ते आपण जाणतो. दर हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोन माणसांचे काम आणि हिशेबात मोजणी एकाची. जंतूला जगण्यापुरती साखर किती लागते, हे शास्त्रज्ञांनी दशांशापर्यंत मोजले, कारण ती कमी पडली तर जंतू मरतो आणि टाकी थांबते. ती साखर ज्या हातांतून येते, त्यांना जगण्यापुरते किती लागते, हे मोजण्याची तसदी त्याच कारखानदारीने घेतलेली नाही. कारण एक कोयता थांबला तर दुसरा मिळतो.

नव्या विद्येला विरोध करावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. खनिज तेल जाळून धूर करण्यापेक्षा साखरेपासून धागा होणे बरे, आणि ग्रंथी गोळा करण्यापेक्षा टाकीतले इन्शुलिन बरे. परंतु उद्या आपल्या तालुक्यात असा कारखाना येईल, तेव्हा उद्घाटनाच्या मांडवात बसून परत येऊ नये. जंतूचे पेटंट कोणाकडे आहे, टाकीजवळचे ऑपरेटर कायम आहेत की कंत्राटी, लॉगबुक त्यांना पाहावयास मिळते काय, ज्या पिकाची जागा हा माल घेणार त्या शेतकऱ्यांचे काय ठरले आहे, आणि मळीला वाढीव भाव मिळाला तर त्यातला वाटा कोयत्यापर्यंत पोहोचेल असे कोणत्या कागदावर लिहिले आहे, हे तेथेच उभे राहून विचारावे. उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.